कपडे वाळवणारे यंत्र आणि त्यातला उष्णतेचा मणी



वसंतातल्या व्याख्यानांत कपडे वाळवण्याच्या यंत्राला जागा मिळावी, याचे काहींना नवल वाटेल. त्यातून हे वैशाखाचे दिवस. सकाळी दोरीवर टाकलेली चादर स्वयंपाक आटोपण्याच्या आत खडखडीत वाळते, अशा वेळी या यंत्राची आठवण तरी कोणाला व्हावी? पण आषाढ-श्रावण फार दूर नाहीत. आठ-आठ दिवस सूर्यदर्शन होत नाही, गॅलरीतल्या दोऱ्यांवर ओल्या कपड्यांचे थर चढतात, शाळेच्या गणवेशाला कुबट वास येऊ लागतो, आणि मग ज्यांच्या घरी हे यंत्र आहे त्यांच्याकडे शेजारी थोड्या आदराने पाहू लागतात. नेमके त्याच सुमारास ते बिघडते. ऐन पावसाळ्यातच ते का बिघडावे, याला दैवाखेरीज दुसरीही कारणे आहेत. ती ओघाने येतीलच.

शिवाय आपल्यापैकी पुष्कळांची मुलेबाळे अमेरिकेत किंवा कॅनडात आहेत. तिकडे हे यंत्र चुलीइतके नित्याचे आहे. काही वसाहतींत तर बाहेर दोरी बांधून कपडे वाळत घालण्यास चक्क मनाई असते. सहा महिन्यांसाठी तिकडे गेलेल्या आईवडिलांची या यंत्राशी गाठ पडते, आणि घरात दुसरे कोणी नसताना ते यंत्र काही अगम्य अक्षरे दाखवून बंद पडते. तेव्हा विषय अगदीच परका नाही.

यंत्र नव्हते तेव्हाही पावसाळा होताच. बाळंतिणीच्या खोलीत शेगडी पेटवून तिच्यावर बांबूची मोठी टोपली उपडी घालीत आणि टोपलीवर बाळाची दुपटी, लंगोट वाळत टाकीत. घरातली एखादी म्हातारी तेथेच बसून असे. मधूनमधून ती दुपट्यावर तळहात ठेवी. फार तापले असे वाटले की टोपली थोडी सरकवी, निखाऱ्यावर राख ढकली. आजच्या यंत्रात याहून निराळे काय आहे? निखाऱ्यांच्या जागी विजेची तापक तार आहे, वाऱ्याच्या जागी पंखा आहे, टोपलीच्या जागी फिरणारे पिंप आहे. आणि म्हातारीच्या तळहाताच्या जागी मिरीच्या दाण्याएवढा एक मणी आहे. आजचे सगळे व्याख्यान या मण्याचे आहे.

प्रथम, या तळहाताची गरज किती मोठी आहे हे पाहू. धुण्याच्या यंत्रातून पिळून निघालेल्या पाच किलो सुती कपड्यांत सुमारे तीन लिटर पाणी उरलेले असते. एक लिटर पाण्याची वाफ करण्यास साधारण २४ लाख ज्यूल, म्हणजे विजेच्या हिशेबाने एका युनिटचा दोन-तृतीयांश भाग लागतो. तीन लिटरांना दोन युनिटे. यंत्राची तापक तार दोन हजार वॉटची असेल तर नुसत्या वाफेसाठीच तासभर जावयाचा. कपडे तापवण्याची व वाया जाणारी उष्णता निराळीच. यावरून एवढे ध्यानात यावे की, तासभर दोन हजार वॉटची शेगडी सुती कपड्यांच्या ढिगावर वारा घालीत आहे. कपडे ओले असतात तोपर्यंत चिंता नसते. आलेली बहुतेक उष्णता पाणी गिळून टाकते, आणि पिंपातून बाहेर पडणारी हवा कोमटच राहते. पाणी संपत आले की गिळणारा कोणी उरत नाही आणि हवेचे उष्णतामान भराभर चढू लागते. ते ५५ ते ७० अंशांच्या आसपास पोचले की तापक तार बंद करावयाची, थोडे उतरले की पुन्हा चालू करावयाची, हा हुकूम मण्याच्या साक्षीवर सुटतो. कपडे वाळत आल्याचा एक पुरावाही याच साक्षीतून मिळतो.

येथे एक घोटाळा आधीच दूर करतो. पुष्कळ यंत्रांच्या पिंपात, दाराजवळ, धातूच्या दोन चकचकीत पट्ट्या असतात. त्या उष्णता मोजीत नाहीत. ओला कपडा दोन्ही पट्ट्यांना एकदम टेकला की त्यातून अत्यल्प विद्युत्प्रवाह वाहतो आणि ओल कळते. कपडे मऊ करणाऱ्या द्रव्याचा पातळ लेप पट्ट्यांवर बसला की कपडे ओले असूनही यंत्राला ते कोरडे वाटतात आणि ते लवकर थांबते. त्याला फडक्याने पुसणे एवढाच उपाय आहे. तसेच, धुणारे आणि वाळवणारे असे जोडयंत्र असेल तर त्यात धुण्याच्या पाण्याचा मणी निराळा आणि वाळवणाऱ्या हवेचा निराळा. एक बिघडला म्हणून दुसरा बदलणारे कारागीर असतात, आणि ते पैसे दोन्हींचे घेतात.

आता मण्याकडे वळू. १८३३ साली मायकेल फॅरडे याला सिल्व्हर सल्फाइड या पदार्थात एक विपरीत गोष्ट आढळली. धातूची तार तापवली की तिचा विद्युत्‌रोध वाढतो. या पदार्थाचा मात्र तापवल्यावर कमी होई. पुढे जवळजवळ शंभर वर्षे या नवलाचा फारसा उपयोग झाला नाही. विसाव्या शतकात मँगनीज, निकेल, कोबाल्ट अशा धातूंची भस्मे एकत्र भाजून असे मणी करू लागले, आणि त्यांना थर्मिस्टर हे नाव मिळाले. तांब्याच्या तारेचा रोध एका अंशाला शेकडा अर्ध्याहूनही कमी बदलतो. थर्मिस्टरचा शेकडा चाराहून अधिक. म्हणजे साक्षीदार फार हळवा आहे. घरगुती यंत्रांत फार आढळणारा मणी पंचवीस अंशांना दहा हजार ओहम रोध दाखवतो. तोच चाळीस अंशांना सुमारे ५,३००, साठ अंशांना अडीच हजार आणि ऐंशी अंशांना सव्वा हजारावर येतो. थंडीत उलट, बर्फाच्या उष्णतामानाला तो तेहतीस हजारांच्या घरात जातो.

पण यंत्राच्या मेंदूला, म्हणजे आतल्या नियंत्रक पाटीला, ओहमही कळत नाहीत आणि अंशही कळत नाहीत. तिला फक्त विजेचा दाब कळतो. म्हणून अशी योजना करतात: पाच व्होल्टच्या दाबाखाली एक ठरावीक दहा हजार ओहमचा रोध आणि त्याच्या पुढे हा मणी, असे दोघे एकापाठोपाठ एक जोडावयाचे आणि मण्याच्या वाट्याला आलेला दाब वाचावयाचा. मणी दहा हजारांचा असता दोघांना निम्मा-निम्मा वाटा मिळतो. पाटी अडीच व्होल्ट वाचते आणि म्हणते, पंचवीस अंश. मणी तापून अडीच हजारांवर आला की त्याच्या वाट्याला एकच व्होल्ट येतो. पाटी म्हणते, साठ अंश. आकडे यंत्रागणिक थोडे निराळे असतील, रीत हीच.

आता तार तुटली तर काय होईल? प्रवाहच नाही, रोध अनंत, पाटी पूर्ण पाच व्होल्ट वाचणार. याचा सरळ अर्थ लावला तर पिंपात कल्पनातीत थंडी आहे असा होतो, आणि थंडी आहे म्हणजे तापक तार चालू ठेवा! साक्षीदार मेला की यंत्राने आग लावीपर्यंत तापत जावे, अशी ही भयंकर परिस्थिती आहे. म्हणून रचनाकारांनी पाटीला शिकवून ठेवलेले असते की, पाच व्होल्टच्या अगदी जवळ किंवा शून्याच्या अगदी जवळ दाब आला तर त्यावर विश्वास ठेवू नकोस; थांब आणि तक्रार कर. शून्याजवळचा दाब म्हणजे दोन तारा एकमेकींना चिकटल्या. तुटलेल्याची खूण निराळी आणि चिकटलेल्याची निराळी, असेही काही यंत्रांत असते. पुस्तिकेत त्या खुणेपुढे 'उष्णता-संवेदकाचा दोष' असे छापलेले असते, आणि येथेच गृहस्थाची दिशाभूल होते. तो समजतो, मणी खराब झाला. नवा आणून बसवला की झाले. वास्तविक पाटीने एवढेच सांगितले आहे की, माझ्याकडे येणारा दाब असंभाव्य आहे. मणी, त्याच्या दोन तारा, वाटेतल्या दोन-तीन जोडण्या आणि खुद्द पाटी, यांपैकी कोणी अपराध केला हे तिला माहीत नाही आणि माहीत होण्याचा मार्गही नाही. खोलीत उंदीर शिरून तार कुरतडली तरी अक्षरे तीच येणार. आपल्याकडे उंदीर हे कारण पुस्तिकेत दिलेले नसले तरी यादीत वरच्या क्रमांकावर घेण्यास हरकत नाही.

तरीही हा तुटलेला साक्षीदार मी कमी धोक्याचा मानतो, कारण तो पकडला जातो. अधिक धोक्याचा तो, जो थोडेसेच खोटे बोलतो. पावसाळी दमट हवेत जोडणीच्या पितळी पात्यांवर गंज चढतो. तारेच्या वाटेत गंजामुळे समजा बाराशे ओहमचा जादा रोध शिरला. पंचवीस अंशांना मण्याचे दहा हजार आणि गंजाचे बाराशे मिळून पाटीला ११,२०० दिसतात. ती म्हणते, साडेबावीस अंश. अडीच अंशांची चूक. कोणाच्या लक्षातही येणार नाही. आता यंत्र तापले. पाटी साठ अंशांची, म्हणजे अडीच हजार ओहमांची वाट पाहात आहे. पण त्यांतले बाराशे गंजाचे आहेत. तेव्हा मणी स्वतः तेराशेवर येईपर्यंत तार चालूच राहणार. तेराशे ओहम म्हणजे जवळजवळ ऐंशी अंश! थंड असता अडीच अंशांनी चुकणारा साक्षीदार गरम झाल्यावर वीस अंशांनी चुकतो, आणि चुकतो तो नेमका 'अजून थंड आहे' असे सांगून. दाब मर्यादेच्या आतच असल्यामुळे यंत्र एकही अक्षर दाखवीत नाही. कपडे फार कडक निघतात, नायलॉनचा झगा आखडतो, बटणे हाताला चटका देतात. गृहिणी म्हणते, हल्ली यंत्र जरा जास्त तापते. तिचे हे म्हणणे पाटीच्या मौनापेक्षा अधिक विश्वासार्ह समजावे.

उलट प्रकारही होतो. जोडणीत ओल शिरली आणि दोन तारांमध्ये वीस हजार ओहमची चोरवाट झाली, तर पंचवीस अंशांना पाटीला ६,७०० च्या आसपास रोध दिसतो आणि ती चौतीस अंश समजते. येथे चूक थंडपणी मोठी आणि गरम झाल्यावर लहान, कारण मण्याचा स्वतःचा रोध अडीच हजारांवर आला की चोरवाटेने फारसे काही जात नाही. हा दोष बहुधा पहिल्या पावसानंतर दिसतो आणि दोन दिवस यंत्र चालले की आपोआप नाहीसाही होतो. कारागीर येतो तेव्हा सर्व ठीक असते. ही गोष्ट वैद्यांच्या परिचयाची आहे.

मग परीक्षा कशी करावी? पहिली गोष्ट, प्लग भिंतीतून काढावयाचा. नुसते बटण बंद करून भागत नाही. अमेरिकेतले यंत्र २४० व्होल्टवर आणि आपल्याकडचे २३० व्होल्टवर चालते. दोन्ही माणूस मारण्यास पुरेशी आहेत. ज्यांना विजेच्या कामाची सवय नाही त्यांनी झाकण उघडूच नये. पण कारागीर काय करीत आहे आणि काय करीत नाही हे कळण्यासाठी पुढचे ऐकून ठेवावे.

मण्याची जोडणी सोडवून मल्टिमीटरने त्याचा रोध मोजतात. दोन्ही टोचण्या बोटांनी धरू नयेत. आपले शरीरही एक रोधच आहे, आणि घामट बोटे आकडा खाली आणतात. येथे दुसरी एक चूक सर्रास होते. पुस्तकात दहा हजार लिहिलेले असते. मे महिन्यात दुपारी पस्तीस अंशांच्या खोलीत मीटर साडेसहा हजार दाखवतो. कारागीर म्हणतो, मणी गेला. मणी गेलेला नाही. तो खरे तेच सांगत आहे. दहा हजार हा पंचवीस अंशांचा आकडा आहे. म्हणून रोध मोजण्यापूर्वी खोलीचे उष्णतामान पाहिलेच पाहिजे. आज येथे तीस अंश असतील तर निरोगी मणी आठ हजारांच्या आसपास दाखवील. मग मणी मुठीत धरावा. रोध सावकाश, एकसारखा उतरत सातेक हजारांवर यावयास हवा. उड्या मारीत उतरला, किंवा मुळीच हलला नाही, तर मण्यातच दोष. त्यानंतर, आणि हे सहसा कोणी करीत नाही, मणी पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत हवा न ठेवता गुंडाळून साठ अंशांच्या पाण्याच्या वाटीत दोन-तीन मिनिटे बुडवावा आणि शेजारी तापमापक ठेवावा. अडीच हजारांच्या जवळ आला तर साक्षीदार निर्दोष. नुसत्या थंड परीक्षेवर त्याला सोडून देणे म्हणजे ताप उतरल्यावर रोग्याला तपासण्यासारखे आहे.

मणी निर्दोष ठरला की तारांची पाळी. मण्याच्या जागी जोडणीत तारेचा आखूड तुकडा घालावा आणि पाटीजवळची जोडणी सोडवून त्या टोकाला रोध मोजावा. एक-दोन ओहमहून अधिक येता कामा नये. मोजता मोजता तार हळूच वाकवावी, हलवावी. पिंप फिरताना यंत्र थरथरते, आणि कित्येक तारा स्थिर असता जोडलेल्या व थरथरताना तुटलेल्या असतात. बाराशे ओहमचा आपला गंज येथे तत्काळ उघडा पडतो. तारेचा तुकडा काढून, टोके मोकळी ठेवून पुन्हा मोजले की ओलीची चोरवाट सापडते. मणी आणि तारा दोन्ही निर्दोष असतील तरच पाटीवर संशय घ्यावा. पाटी ही यंत्रातली सर्वांत महाग वस्तू. तिच्यावर संशय सर्वांत शेवटी घेण्याऐवजी सर्वांत आधी का घेतला जातो, हे सुज्ञ श्रोत्यांस सांगावयास नको.

येथवर मण्यावरचा आरोप खरा की खोटा हे पाहिले. पण पुष्कळदा मणी खरेच बोलत असतो, आणि यंत्र खरेच तापलेले असते. हवेचा मार्ग असा आहे: पंखा खोलीतली हवा ओढतो, ती तापक तारेवरून पिंपात, पिंपातून जाळीत, जाळीतून मण्याजवळून पंख्यात आणि नळीवाटे बाहेर जाते. कपड्यांवरून झडणारी लव जाळीत अडकते. जाळी प्रत्येक वेळी साफ केलीच पाहिजे हे सर्वांना ठाऊक असते. परंतु जाळी डोळ्यांना स्वच्छ दिसत असूनही मऊपणाच्या द्रव्याने तिची छिद्रे बुजलेली असू शकतात. तिच्यावर नळाचे पाणी सोडून पाहावे. पाणी आरपार न जाता साचून राहिले तर साबणाने ब्रश मारून धुवावी. आपल्याकडच्या सदनिकांत ही नळी खिडकीतून कशीतरी बाहेर काढलेली असते, आणि यंत्र भिंतीला सरकवताना ती मुडपते. अमेरिकेतल्या घरांत चार इंच व्यासाची नळी भिंतीतून बाहेर जाते व टोकाला एक झडप असते. यंत्र चालू असता ती झडप उघडून गरम हवेचा झोत हाताला लागतो की नाही, हे अंगणात जाऊन पाहणे ही सर्वांत सोपी आणि सर्वांत कमी केली जाणारी परीक्षा आहे.

हवा कोंडली की मण्याची अवस्था मोठी चमत्कारिक होते. तो तापक तारेजवळ बसलेला नाही. हवेच्या वाटेच्या शेवटी बसलेला आहे. वाहती हवा त्याच्यापर्यंत बातमी आणते. वाहणेच मंदावले तर तारेजवळ भट्टी पेटलेली असताना मण्याकडे कोमट वाराच पोचतो, आणि तो प्रामाणिकपणे 'अजून थंड' असे सांगतो. म्हातारी दुसऱ्या खोलीत बसली तर तळहाताचा काय उपयोग? त्यावर लवेचे पांघरूण चढलेले असेल तर बातमी आणखी उशिरा कळते.

ही शक्यता रचनाकारांनी गृहीत धरलेली असते, म्हणून मण्याखेरीज दुसरे पहारेकरी नेमलेले असतात, आणि त्यांना पाटीची परवानगी लागत नाही. अमेरिकेत फार प्रचलित असलेल्या एका रचनेत तापक तारेजवळ दोन धातूंच्या पट्टीचा एक खटका असतो. सुमारे १२० अंशांना तो वाकून प्रवाह तोडतो आणि निवल्यावर पुन्हा जोडतो. पंख्याच्या घराजवळ एक उष्णता-फ्यूज असतो. तो सुमारे ९१ अंशांना कायमचा तुटतो. तापक तारेजवळचा आणखी एक फ्यूज सुमारे १७८ अंशांना तुटतो. हे फ्यूज एकदाच मरावयाचे आणि मरून घर वाचवावयाचे, एवढ्याचसाठी असतात.

आणि येथे आपल्या बाजारातला एक शब्द येतो: 'डायरेक्ट'. कारागीर येतो, फ्यूज तुटलेला दिसतो, सुटा भाग मिळण्यास आठ दिवस लागतील असे सांगतो, आणि मग म्हणतो, ''तोपर्यंत डायरेक्ट करून देतो, काकू.'' दोन तारांची टोके पिळून जोडतो. यंत्र चालू होते. काकू चहा देतात. मण्याच्या बाबतीतही याचा एक प्रकार आहे. मण्याऐवजी दहा हजार ओहमचा ठरावीक रोध पाटीला जोडला की अक्षरे नाहीशी होतात. पाटी ठीक आहे की नाही हे क्षणभर पाहण्यासाठी, तापक तार सोडवून ठेवून, ही युक्ती जाणकार वापरतात, आणि तेथवर ती योग्यच आहे. पण तो रोध तसाच आत राहिला तर? पाटीच्या मते आता पिंपात सदासर्वदा पंचवीस अंश. कपडे वाळोत, करपोत, पेटोत, पंचवीस अंश. तापक तार बंद करण्याचा हुकूम कधीच सुटावयाचा नाही. फ्यूज डायरेक्ट आणि मण्याच्या जागी ठोकळा, असे दोन्ही एका यंत्रात झाले, की त्या घरात झोपणाऱ्यांचा पहारेकरी कोणी उरला नाही.

मी भीती घालतो आहे असे वाटू नये म्हणून थोडे आकडे देतो. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने २००८ ते २०१० या वर्षांचा हिशेब केला, तेव्हा घरांतील कपडे वाळवण्याच्या यंत्रांमुळे वर्षाला सुमारे २,९०० आगी, ५ मृत्यू आणि १०० जखमी असा अंदाज निघाला. कारणांत सर्वांत पुढे होते ते साफसफाई न करणे. शेकडा ३४ आगी त्यामुळे लागल्या. १९ ऑगस्ट २०१६ रोजी लंडनच्या शेफर्ड्स बुश भागातील एका अठरा मजली इमारतीत सातव्या मजल्यावर आग लागली, ती अशाच एका यंत्रातून. त्या जातीच्या यंत्रांत लव साचून तापक तारेला लागू शकते हे उत्पादकांना आधीच कळलेले होते. २०१५ च्या अखेरीस त्यांनी तसे जाहीरही केले होते, पण दुरुस्ती होईपर्यंत यंत्र वापरण्यास हरकत नाही, मात्र त्यावर लक्ष ठेवा, असा सल्ला दिला होता. पुढे तो बदलून प्लग काढून ठेवण्यास सांगण्यात आले, आणि २०१९ मध्ये न सुधारलेली यंत्रे परत मागवावी लागली. त्या दिवशी मण्याचा काही अपराध नव्हता. लवेचा होता, आणि लव घरोघरी तीच असते.

सदनिकांत राहणाऱ्यांनी यातला एक मुद्दा विशेष ध्यानात घ्यावा. दोरीवरची चादर उडाली तर आपली एकट्याची जाते. सातव्या मजल्यावरचे यंत्र पेटले तर आठव्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाने काय केले होते? म्हणून यंत्र लावून बाहेर जाणे किंवा झोपणे हे मला मुळीच पसंत नाही, यंत्र कितीही नवे असले तरी. माझ्या परिचयाचे लोक या बाबतीत मला जुनाट समजतात. समजोत.

आता मणी खरोखरच गेला असेल तर नवा आणताना काय पाहावे, एवढे सांगून थांबतो. दोन मणी पंचवीस अंशांना दहा हजार ओहम दाखवतात म्हणून ते एकसारखे ठरत नाहीत. एक साठ अंशांना अडीच हजारांवर येईल, दुसरा तीन हजारांवर. दुसरा बसवला तर बाराशे ओहमच्या गंजाचीच धाकटी आवृत्ती आपण विकत आणली. तेव्हा दुकानात जुना मणी दाखवून 'असाच द्या' म्हणू नये. यंत्राच्या पाठीवर किंवा दाराच्या कडेला चिकटवलेल्या पट्टीवरचा नमुना-क्रमांक लिहून न्यावा आणि त्याच क्रमांकाचा मणी मागावा. बसवताना त्याच्या भोवतालची लव काढावी, जोडणीची पाती घासून स्वच्छ करावी, आणि झाकण लावण्यापूर्वी 'डायरेक्ट' केलेले आत काही उरले नाही ना हे स्वतः डोळ्यांनी पाहावे. मग पाच-सहा ओले टॉवेल घालून यंत्र चालवावे आणि बाहेर पडणाऱ्या हवेत तापमापक धरावा. टॉवेल ओले असेतो पारा मंद चढतो. वाळत आल्यावर भरभर चढतो. आणि मग तापक तार बंद होऊन तो खाली येताना दिसला पाहिजे. विजेच्या मीटरकडे पाहिले तर तेथेही हा चढउतार दिसतो. नसेल दिसत, तर प्लग काढावा.

मागच्या झाकणाच्या आतल्या बाजूस शाईच्या जाड पेनाने तारीख, त्या दिवशीचे खोलीचे उष्णतामान, आणि मण्याचा व तारांचा मोजलेला रोध लिहून ठेवावा. पुढच्या पावसाळ्यात येणारा कारागीर दुसराच असेल, आणि त्याला हे चार आकडे कोणी सांगावयाचे?